डोळा भरायचा चाकू

बाबांचा चाकू मी भंगारात दिला. चुकून नाही, यादीत लिहून दिला. तीच त्यातली वाईट गोष्ट.

माय गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात इंझोरीच्या घरावरची टिनं बदलायची ठरली. घर रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते येणारच होतं. मी वाशिमला सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे बसते. कोणत्या गोळ्यांची मुदत कधी संपते, कोणती पेटी आधी फोडायची, सगळं वहीत असतं. घरीही तसंच. मी वहीत तीन रकाने आखले: ठेवायचं, द्यायचं, भंगार. दोन दिवसांत सगळं घर त्या तीन रकान्यांत बसवलं. तिसऱ्या रकान्यात एक ओळ होती, ‘बिस्किटाचा डबा, आत गंजकं सामान’. डबा मी उघडून पाहिला होता. वर खिळे, तारेचे तुकडे, एक मोडकी कडी. खाली हात घातला नाही.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, “बाई, तो बिस्किटाचा डबा कोठी ठेवला व?”

मी वही उघडून ओळ दाखवली. बाबांनी ओळीवर बोट ठेवून ती वाचली आणि म्हणाले, “बरं. त्यात माहा चाकू होता.”

बस, एवढंच. जे ते बोलले नाहीत ते माझा धाकटा भाऊ बोलला. त्याचं मेडशीला बसथांब्यासमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो दुसऱ्या दिवशी आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, “ताई, तुह्या वहीत माणसं कोणत्या रकान्यात टाकली तेवढं सांगून दे. मी माहा नंबर पाहून घेतो.”

मीही गप्प बसले नाही. “दोन दिवसांतला एक दिवस जरी तू आला असता, तर तो डबा तूच उघडला असता.”

दोघांचंही खरं होतं, त्यामुळे ते मिटलं नाही. पुढची सात वर्षं आम्ही कामापुरतं बोललो. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी वाशिमहून द्यायची, तो इंझोरीला पोचवायचा. मी पिशवी टेबलावर ठेवायची, तो उचलायचा. तो घराची किल्ली टेबलावर ठेवायचा, मी उचलायची.

हे असं ठेवून देणं आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. पण त्याआधी तो चाकू काय होता ते सांगते.

बाबा संत्र्याची कलमं बांधायचे. मानोरा, मंगरुळपीर, कारंजा, जिथे बाग तिथून त्यांना बोलावणं यायचं. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर टी अक्षरासारखी चीर घ्यायची, साल अलगद उचलायची, आणि चांगल्या झाडाच्या फांदीवरून काढलेला डोळा त्या सालीखाली सरकवायचा. डोळा म्हणजे पानाच्या बगलेत असतो तो बारीक कोंब, नखाएवढ्या सालीसकट. वरून पट्टी गुंडाळायची. या कामाला डोळा भरणं म्हणतात. बाबा दिवसाला किती डोळे भरायचे ते मला माहीत नाही, पण परत यायचे तेव्हा त्यांच्या बोटांना जेवण झाल्यावरही संत्र्याच्या पाल्याचा वास असायचा.

त्यांचा चाकू परदेशी बनावटीचा होता. घडीचं पातं, हाडाची मूठ, आणि मुठीचं मागचं टोक चपटं, गुळगुळीत, पुढे निमुळतं होत गेलेलं. साल उचलायची ती या टोकानं. लोखंडानं उचलली तर आतला ओला थर खरवडला जातो; हाड सालीला दुखवत नाही. त्या टोकाला बाबा ‘जीभ’ म्हणायचे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी हा शब्द ऐकलेला नाही.

चाकू त्यांना पहिल्या बागायतदारानं दिला होता. दिला म्हणजे ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, उचल. चाकू हातात देऊ नये, भांडण होतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मीठ, मिरची, चाकू, सुई खाली ठेवायची आणि समोरच्यानं उचलायची.

“बरोबर हाये,” बाबा हे सांगताना हसायचे. “पण मजुरीही तो खालीच ठेवे. पैशानं कोणतं भांडण होते?”

आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात बरंच काही मानणं बंद झालं होतं. त्या यादीत बाबांनी आपली एक भर घातली. चाकू हातातच द्यायचा. पातं मिटलेलं, मूठ समोरच्याकडे, आणि नजर त्याच्या नजरेत. माय सुरुवातीला कचरायची. मग तिला अशी सवय झाली की ती शेजारणीलाही विळा हातात द्यायला जायची आणि शेजारीण चार पावलं मागे सरायची. “खाली ठेवलेलं लय उचललं आपल्या लोकाईनं,” बाबा म्हणायचे. “माह्या घरात हातात देत जा.”

अशा घरातल्या आम्ही दोघा भावंडांनी सात वर्षं पिशव्या आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. बाबा ते पाहायचे.

चाकू शोधायला मी आधी भंगारवाल्याकडे गेले. त्याचा माल केव्हाच ट्रकमध्ये चढून गेला होता. मग दवाखान्यातल्या एकानं सांगितलं की जुन्या वस्तूंचे लिलाव आता मोबाइलवर चालतात, तिथे नाणी, घड्याळं, चाकू सगळं मिळतं. मी खातं उघडलं. वापरकर्ता म्हणून एक साधं, कुणाला माझा पत्ता लागणार नाही असं नाव घेतलं, आणि नवी वही घातली.

पहिला चाकू मी फोटोला भुलून घेतला. वर्णनात ‘अस्सल हाड’ हे तीनदा लिहिलं होतं. घरी आल्यावर मुठीला आतल्या बाजूनं गरम सुई लावली, तर प्लॅस्टिक जळाल्याचा वास. वहीत लिहिलं: अस्सल वस्तूचा मालक अस्सल हा शब्द एकदाच लिहितो, किंवा लिहीतच नाही. दुसरा चाकू आरशासारखा चमकत होता. तो मी कौतुकानं इंझोरीला नेला. बाबांनी पातं उघडलं, डोळ्याजवळ नेलं, आणि माझ्या हातात परत दिलं.

“याचं पोट खाल्लेलं हाये.”

“म्हणजे?”

“सानीवर घासू घासू कोणी चमकवला. लोखंड गेलं, चमक राह्यली. बाई, तू चाकू पाहून राह्यली का नवरी?”

मग त्यांनी मला चाकू पाहायला शिकवलं. बैल घेतात तसा घ्यायचा, हे त्यांचं सूत्र. आधी कंबर, म्हणजे पातं मुठीला जिथे बसतं ती जागा. पातं उघडून डावीउजवीकडे हलवायचं; कंबर ढिली असली तर पुढचं काही पाहायचं नाही. मग पोट, म्हणजे धारेची कड. ती मूळच्या आकारात आहे की घासून पोकळ झाली आहे. मग पाठ. शेवटी दात, म्हणजे पात्याच्या मुळाशी ठोकलेला कारखान्याचा शिक्का. बैलाचं वय दातावर, चाकूचं शिक्क्यावर. शिक्का पुसट असेल तर चालेल, पण जुन्या पात्यावर नवाकोरा शिक्का असेल तर निघून यायचं.

हे सगळं फोटोवरून कसं पाहायचं, तो माझा भाग. मी विकणाऱ्याकडून ठरावीक चार फोटो मागवायला लागले: पातं अर्धं उघडं असताना, वरून, शिक्क्याचा जवळून, आणि मुठीचं बूड. जो चार फोटो देत नाही त्याच्याकडे पाचवी गोष्ट लपलेली असते. विकणाऱ्याबद्दल आधीच्या गिऱ्हाइकांनी काय लिहिलंय ते वाचायचं, आणि चांगलं नाही, तक्रारीचं आधी वाचायचं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढायचा. लांब पात्यांच्या, लढाईच्या हत्यारांच्या वाटेला जायचं नाही. कायदा आहे, आणि मला हौसही नाही. हस्तिदंत म्हटलं की पान उलटायचं. आणि सगळ्यात वरचा नियम: लिलाव सुरू होण्याआधी आपला शेवटचा आकडा वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचा, आणि तो खोडायचा नाही. एकदा मी तो खोडला होता. आलेल्या चाकूचं पातं एका चाकूचं होतं आणि मूठ दुसऱ्याची.

बाबांचा चाकू काही सापडला नाही. पण शोधताशोधता माझ्याकडे एकतीस चाकू जमले. सगळे कामाचे, घडीचे. एक मेंढपाळाचा, एक जहाजावर दोर कापायचा, एक जुन्या काळच्या डॉक्टरचा, ज्याच्या मुठीच्या सपाट बुडानं गोळ्या फोडायचे. तो मी माझ्या नोकरीच्या मायेपोटी घेतला. प्रत्येक चाकू आधी इंझोरीला जायचा. बाबा कंबर, पोट, पाठ, दात पाहायचे आणि निकाल द्यायचे. खोटं कशाला बोलू, त्या निकालासाठीच मी पुढचा चाकू घ्यायचे.

मग झाडाचं निघालं.

इंझोरीच्या घरामागे संत्र्याचं एक झाड आहे. भाऊ दहावीत होता तेव्हा बाबांनी त्याचा डोळा भरला होता. माय त्याच्या सावलीत बसून तूर निवडायची. फळाची साल सैल, फोडी अंगानं सुटणाऱ्या, आणि गोडी अशी की बागायतदारही फांदी मागायला यायचे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बुंध्याला डिंक्या लागला. साल फाटून डिंक गळायचा. बाबांनी खरवडून मलम लावलं, आळं बदललं, तरी एकेक फांदी वाळत गेली. जून संत्रं, किती दिवस टिकणार.

बाबांनी जंबेरीचे खुंट पिशव्यांमध्ये लावून ठेवले होते. झाड जायच्या आत त्याचे डोळे या खुंटांवर जायला हवे होते. मागच्या थंडीत मी कृषी केंद्रातून नवा कलमाचा चाकू आणून दिला. बाबांनी दहा डोळे भरले. दहाही वाळले.

“या चाकूले जीभच नाई,” बाबा म्हणाले. त्याचं साल उचलायचं टोक पत्र्याचं होतं. “साल फाटून राह्यली माही. तो चाकू असता तं—”

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मला ते पुरं ऐकू आलं.

या जानेवारीत झाडावर हिरव्या अशा दोनच फांद्या उरल्या होत्या. थंडी ओसरली की साल सुटायला लागते. डोळे भरायचे दिवस थोडेच असतात. आणि त्याच आठवड्यात मला लिलावात तो चाकू दिसला. इंदूरकडचा कुणीतरी विकत होता. वर्णन होतं, ‘पुराना पेन का चाकू, हड्डी का दस्ता, पीछे से घिसा हुआ’. मी फोटो मोठा केला. मागून घासलेला नव्हता. ती जीभ होती.

बाबांचा तोच चाकू नव्हता. बाबांनी आपल्या मुठीवर तापलेल्या सुईनं तीन ठिपके काढले होते, बुद्ध, धम्म आणि संघ. ते यावर नव्हते. पण घाट तोच, पात्याचं वळण तेच. त्याच कारखान्यातून निघालेला भाऊबंद असावा.

विकणाऱ्याला तो काय विकतोय हे माहीत नव्हतं, ही माझी जमेची बाजू. इथे शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं, फार तर खासगीत विचारायचं. माझ्या वहीत तसा नियमही आहे. पण दवाखान्यात खिडकीसमोर रांग होती, जेवणाची सुटी संपत आली होती, आणि मी घाईत प्रश्न सगळ्यांना दिसतो त्या रकान्यात टाकला: ‘इसकी जीभ सही-सलामत है क्या?’

उत्तर आलं, ‘भाई साहब, चाकू है, बैल नहीं.’

मला राग आला, आणि रागात मी पुढची चूक केली. मुठीच्या टोकाचं चपटं हाड म्हणजे काय, त्यानं झाडाची साल कशी उचलतात, ते मी चार ओळींत समजावून सांगितलं. तेही सगळ्यांसमोर. त्यानं सभ्यपणे जिभेचा फोटो टाकला. एक कोपरा किंचित उडालेला होता, बाकी शाबूत.

तोवर त्या चाकूकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक बोली आली.

लिलाव रविवारी दुपारी संपणार होता. मी वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं साडेचार हजार लिहिले आणि बसले. समोरच्याचं नाव तिथे झाकलेलं असतं. पहिलं अक्षर, चांदण्या, शेवटचं अक्षर. मी पन्नासानं वाढवायची, तो लगेच दोनशेनं. मी पन्नास, तो दोनशे. बोलीची ही पद्धत नवशिक्याची. पण नवशिका माणूस वाईट, कारण त्याच्या वहीत कोपरा नसतो. आकडा माझ्या साडेचारावर आला आणि त्यानं दोनशे वाढवले.

बोट बटणावर होतं. मनात म्हटलं, हा काही हौसेचा चाकू नाही. झाड या उन्हाळ्यात जाईल. मग आठवलं, खोडलेला आकडा प्रत्येक वेळी असंच काहीतरी म्हणत असतो. शिवाय कंबर पाहिली नव्हती. अर्ध्या उघड्या पात्याचा फोटो मागायचा राहून गेला होता. वेळ संपली. चाकू गेला.

मी वहीत त्या ओळीपुढे ‘नाही’ लिहिलं. चहा ठेवला आणि तिथेच उभी असूनही तो उतू गेला. बाबांना फोन करून काय सांगायचं ते सुचेना, म्हणून केला नाही.

सोमवारी सकाळी मी दवाखान्यात निघायच्या बेतात असताना भावाचा फोन आला. तो फोन करत नाही. मला आधी बाबांचीच धास्ती वाटली.

“ताई, एक विचारू?”

“बाबा बरे आहेत ना?”

“बाबाले काय होते! मले सांग, चाकूले जीभ असते असं या दुनियेत कोण कोण म्हणते?”

मी खुर्चीत बसले. “बाबा म्हणतात.”

“बाबाच्या जवळ साधा मोबाइल हाये, बटनाचा. तो लिलावात लिहीन काय?”

“तुला काय करायचंय?”

“मले हे करायचंय, का काल भरदुपारी कोणीतरी येडा माणूस पन्नास-पन्नास रुपयानं माहा जीव घेऊन राह्यला होता. मी तं त्याले शिव्या देऊन देऊन थकलो. रात्री जेवताना ते सवालजवाब पुन्हा वाचले. जीभ! माह्या हातातला घास तसाच राह्यला. तो येडा तूच व?”

“आणि ते दोनशेवालं जनावर तू?”

“मी जनावर? अव, तुह्यामुळंच तं मले समजलं का हा कलमाचा चाकू हाये! तोपर्यंत मी त्याले पेनाचा समजून सोडून देल्ला होता. चार ओळी लिहून सगळ्या हिंदुस्तानाले शिकवलं तुनं. आन मंग स्वतःच भाव वाढवला. लय हुशार हायेस तू, वहीवाली!”

मला हसू आलं आणि ते थांबेना. पलीकडून त्याचंही ऐकू आलं. सात वर्षं तोही शोधत होता. दुकानात गिऱ्हाईक नसलं की जुने चाकू पाहायचा. माझ्यासारखा घेत मात्र नव्हता.

“काहून नाही सांगितलं?” मी त्याच्याच बोलीत विचारलं.

“तू काहून नाई सांगितलं?”

मग मी कामाचं बोलले. “पार्सल आलं की उघडताना व्हिडिओ काढ.”

“कायले?”

“नियम आहे.”

“इथी बी नियम!” तो म्हणाला. पण व्हिडिओ काढला, आणि मला पाठवला. अर्धा वेळ त्यात त्याचा अंगठाच दिसत होता.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं इंझोरीला घरामागे बसलो. बाबा बाजेवर, समोर जंबेरीचे चौदा खुंट. भावानं खिशातून रुमालात गुंडाळलेला चाकू काढला, उलगडला, आणि सवयीनं बाजेच्या कडेवर माझ्यासमोर ठेवला. “पाह्य, खरा का खोटा. तू त्यातली.”

मी उचलायला हात पुढे केला.

“थांब,” बाबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. ते भावाकडे पाहत होते. “खाली काहून ठेवला रे?”

“बाजेवर ठेवला, बाबा. खाली नाई.”

“बाज का तिचा हात हाये? सात वर्षं पाहून राह्यलो मी तुमचं. पिशवी खाली, किल्ली खाली. मी तं त्या मालकाले हसत होतो, आन माह्याच घरात तुमी तेच करून राह्यले. दे तिच्या हातात.”

भावानं चाकू उचलला. पातं मिटलेलं होतं. त्यानं मूठ माझ्याकडे केली. नजरेत पाहायचं असतं हेही त्याला आठवलं. जरा वेळ लागला, पण पाहिलं. मी घेतला.

मग मी पाहून घेतलं. कंबर घट्ट. पोट थोडं झिजलेलं, पण कामानं झिजलेलं, सानीवर नाही. पाठ सरळ. शिक्का पुसट आणि खरा. मुठीच्या हाडात अंगचीच बारीक, काळपट छिद्रं होती. ती प्लॅस्टिकला येत नाहीत. मी तो बाबांच्या हातात दिला.

बाबांनी जीभ अंगठ्यावर फिरवली. उडालेला कोपरा त्यांना लगेच लागला. “हे मी घासून घेईन,” म्हणाले, आणि खापराच्या तुकड्यावर घासून घेतलाही. मग हिरव्या फांदीवरून पहिला डोळा काढायला गेले.

तेव्हा मी पाहिलं. भावानंही पाहिलं. चाकूचं टोक सालीवर पोचलं आणि थरथरलं. चीर खोल गेली, आतलं लाकूड कापलं. बाबांनी तो डोळा टाकून दिला. दुसरा काढला. तोही तसाच. मागच्या थंडीतले दहा डोळे का वाळले, ते आम्हा तिघांना एकाच वेळी कळलं. चाकूला जीभ नव्हती हे खरंच होतं. पण ते पुरतं खरं नव्हतं.

बाबांनी पातं मिटलं आणि मूठ माझ्याकडे केली.

“तू डोळे काप. तुहा हात पक्का हाये, गोळ्या मोजतेस तू.” मग भावाकडे, “आन तू चीर घेऊन साल उचल. मोबाइलच्या पोटातल्या बारक्या बारक्या तारा उचलतोस ना? तसंच. जोर नोको लावू.”

मी डोळा काढायची, पानाचं पातं छाटून देठ तेवढा ठेवायची. चाकू भावाच्या हातात द्यायची. तो खुंटावर चीर घ्यायचा, जीभ सालीखाली घालून अलगद फिरवायचा आणि चाकू परत माझ्या हातात द्यायचा. मी डोळा सरकवायची. बाबा पट्टी गुंडाळायचे. गाठ बांधताना त्यांचा हात जराही हलत नव्हता. दुपारपर्यंत चाकू आमच्या दोघांच्या हातांतून किती वेळा गेला असेल ते मी मोजलं नाही. मोजायचं सुचलं नाही, हे माझ्या बाबतीत लिहून ठेवण्यासारखं आहे.

पहिल्या तीन-चार खुंटांवर भावानं साल फाडली. “अबे, झाड हाये ते, गिऱ्हाईक नाई,” बाबा म्हणाले. पुढचे बरे झाले. शेवटचे पाच बाबांनी चाचपून न पाहता, नुसत्या नजरेनं पास केले.

डोळा जगला की नाही हे कळायला तीन आठवडे लागतात. खूण सोपी आहे. मुद्दाम ठेवलेल्या देठाला बोटानं हलकं ढकलायचं. डोळा मेला असेल तर देठ वाळून तिथेच चिकटून बसतो. जिवंत असेल तर पिवळा पडून बोट लागताच गळतो. मी चौदा ओळींची यादी केली आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख टाकली.

त्या दिवशी भावाचं दुकान उघडं होतं, म्हणून मी एकटीच इंझोरीला गेले. बाबा पिशव्यांशी उकिडवे बसले होते. “मी हात नाई लावला,” म्हणाले. “तूच पाह्य.”

पहिला देठ चिकटलेला. दुसरा चिकटलेला. तिसऱ्याला बोट लावलं आणि तो मातीत पडला. खाली हिरवा, ओला ठिपका.

मी तिथूनच भावाला फोन लावला.

“पडला काय?” त्यानं नमस्कार-चमत्कार न करता विचारलं. मागे कुणाच्या तरी मोबाइलची घंटी वाजत होती.

“थांब, अजून अकरा राहिलेत.”

“मंग फोन ठेवू नोको. एकेक पाहून सांग.”

मी फोन बाबांच्या हातात दिला आणि चौथ्या खुंटाकडे वळले. मी बोट लावायची, बाबा फोनमध्ये सांगायचे, “पडला... नाई पडला... पडला... हाही पडला रे!” चौदांपैकी नऊ पडले. झाडावरच्या उरलेल्या दोन फांद्याही तोवर वाळायला लागल्या होत्या. पण आता झाडाला त्यांची गरज नव्हती.

चाकू इंझोरीलाच राहतो, बाबांच्या कपाटात, नव्या बिस्किटाच्या डब्यात. डब्यावर मी चिठ्ठी चिकटवली आहे: ‘भंगार नाही.’ परवा गेले तर तिच्याखाली भावाच्या अक्षरात दुसरी ओळ होती: ‘ताई, उघडून पाह्य.’